गिऱ्हाईक कोण आणणार? गुरुकुंज मोझरीत निघालेला एक प्रश्न आणि वऱ्हाडाचा इतिहास

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तिवसा तालुक्यात महामार्गालगत गुरुकुंज मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गेले. त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात दरवर्षी त्याच मिनिटाला मौन श्रद्धांजली होते. हजारो माणसे, भगव्या टोप्या, लहान पोरे, सगळे जागच्या जागी गप्प. माझा त्या परंपरेशी वाद आहे आणि तो पुढे मांडणारही आहे. पण तो क्षण पाहिलेला माणूस त्याची टिंगल करू शकत नाही.

एकदा अशाच वेळी आम्ही दोघेतिघे कार्यकर्ते तेथे थांबलो होतो. गर्दी पांगल्यावर चहाच्या टपरीवर जवळच्याच गावातला एक आपला पोरगा भेटला. बी.कॉम. झालेला, दोन वर्षे एमपीएससी करून थकलेला. म्हणाला, "दादा, तेलाचा लाकडी घाणा टाकतो म्हणतो. जवस, तीळ, करडई. हिशेब केला हाय. पन एक सांगा, पाटीवर आडनाव टाकू का नको टाकू?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो नुकताच कुठल्याशा उद्योजकता शिबिरातून आला होता. तिथल्या गुरुजींनी सांगितले होते की जग आंदोलनांनी बदलत नाही, उद्योजक बदलतो. व्यवस्थेला दोष देणे सोडा, आयडिया शोधा, मार्केटला जात नसते. पोराला हे पटले होते, आणि तरीही तो पाटीवरच्या आडनावाबद्दल विचारत होता. मार्केटला जात नसेल, तर त्याला हा प्रश्न पडलाच का?

शिबिरातले विधान तपासून पाहण्यासारखे आहे. त्यासाठी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. नवे तंत्र, नवा पैसा आणि साहसी व्यापारी यांचा पूर ज्या प्रदेशात दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेला, तो प्रदेश म्हणजे आपले वऱ्हाड.

१८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर येथल्या काळ्या मातीवर पडली. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. खामगाव, अकोला, अमरावती येथे कापसाचे बाजार उभे राहिले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले. राली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा परदेशी पेढ्यांनी खरेदी सुरू केली. पुढे किलिक निक्सन कंपनीची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही छोटी रेल्वे आली, जिला आपण लाडाने शकुंतला म्हणतो. ती खाजगी भांडवलाने कापूस वाहण्यासाठी टाकलेली लाइन होती. उद्योजकता, नवोपक्रम, जागतिक बाजारपेठ: शिबिरातल्या फळ्यावरचे सगळे शब्द येथे प्रत्यक्षात उतरले होते.

मग बदलले काय? अडत्या, दलाल, सावकार आणि मोठा शेतकरी यांचे वाडे उभे राहिले. निंदण आणि वेचणीला मात्र पूर्वीचीच माणसे राहिली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत याच सुपीक वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. नागपूर-विदर्भातले महार जाडेभरडे कापड विणत असत. गिरणीच्या कापडाने त्यांचा माग बंद पाडला. गावात पाण्याची विहीर वेगळी होती ती वेगळीच राहिली. कापसाची गाठ मँचेस्टरला गेली, पण ती वेचणाऱ्या बाईला गावच्या पाणवठ्यावर जाता येईना.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या उलथापालथीने आपल्या लोकांना एक मोलाची वस्तू दिली, ती म्हणजे रोख मजुरी. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जिनिंगमध्ये, गिरणीत, रेल्वेत काम मिळाले. पाटलाच्या दारातल्या बलुत्यावर न जगता महिन्याच्या पगारावर जगता येते हे प्रथमच कळले. पगार म्हणजे गाव सोडण्याची सोय. त्यामुळे अर्थव्यवस्थेतल्या बदलाचे काहीच मोल नाही असे मी म्हणत नाही. पण त्या पगारातून एकाने दारू प्यावी आणि दुसऱ्याने शाळा काढावी, हा फरक बाजार ठरवत नाही. किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरात मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढली, छापखाना घातला, 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका', 'चोखामेळा' अशी एकामागून एक पत्रे चालवली. व्यापारी म्हणून पाहिले तर हा तोट्याचा धंदा. पत्र बंद पडते, माणूस दुसरे काढतो. आजच्या भाषेत त्यांना सिरियल आंत्रप्रनर म्हणायला हरकत नाही! पण त्यांना नफा हवा नव्हता. त्यांना वाचक घडवायचा होता.

आता मार्केटला जात नसते या वाक्याकडे येऊ.

यंत्र जात पाळत नाही, हे खरे. पण यंत्र चालवणारा पाळतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला कापड विणण्याच्या खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातली कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने कसा तोंडाला लावायचा? म्हणून जास्त पगाराचे खाते स्पृश्यांना आणि कमी पगाराचे आपल्याला. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा मुद्दा कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला होता. जगातले त्या काळचे अत्याधुनिक तंत्रज्ञान मुंबईत आले, आणि विटाळाने त्याच्या पोटात आपली जागा शोधून काढली.

खुद्द बाबासाहेबांचाच अनुभव घ्या. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. बडोद्याची नोकरी अपमानाने सोडावी लागल्यावर मुंबईत त्यांनी शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. कल्पना चांगली, ज्ञान पक्के, शहर मुंबईसारखे. गिऱ्हाइके येऊ लागली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाइके थांबली. धंदा बंद. या प्रसंगात उद्योजकाचे काय चुकले ते त्या शिबिरातल्या गुरुजींनी सांगावे.

नागपूरच्या जाईबाई चौधरी यांची गोष्टही त्याच धाटणीची. त्या हमाली करून डोक्यावर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईंच्या मदतीने शिकल्या, शिक्षिकेची नोकरी मिळाली. त्या अस्पृश्य आहेत हे समजताच पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी स्वतःच चोखामेळा कन्याशाळा काढली. ओझे वाहणारी बाई संस्थेची संस्थापक झाली, याहून मोठे साहस कोणते? पण तिला शाळा चालवता आली, कारण तोवर आपल्या वस्तीत मुलींना शाळेत पाठवायला तयार असलेले आईबाप निर्माण झाले होते. ते चळवळीने निर्माण केले होते. गिऱ्हाईक आधी घडले, मग संस्था टिकली.

वऱ्हाडाबाहेरचे एक उदाहरण येथे सांगितलेच पाहिजे, कारण त्यात सगळा हिशेब उघडा पडतो. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. हौदाच्या पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेला हा माणूस. हॉटेलाला नाव दिले सत्यसुधारक. चहा चांगला होता, जागा रस्त्यावर होती, पण स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. मग राजर्षी शाहू महाराज फिरायला निघताना तेथे गाडी थांबवू लागले. स्वतः चहा घेत आणि सोबतच्या उच्चवर्णीयांनाही घ्यायला लावत. राजाने चहा प्यायला म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद? हॉटेल चालले. आयडिया गंगारामांची, कष्ट गंगारामांचे. पण बाजाराचे बंद दार उघडायला राज्यसत्ता लागली. बाजार आपोआप खुला असतो असे मानणाऱ्यांनी त्या कपातला चहा आधी पिऊन पाहावा.

१९३६ साली लिहिलेल्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात बाबासाहेबांनी या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. जात म्हणजे श्रमविभागणी, असे तिचे समर्थक सांगत. बाबासाहेबांनी दाखवले की ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. उद्योगधंदे सतत बदलत असतात. माणसाला जुना धंदा सोडून नव्यात जाण्याची मुभा हवी. जात ती मुभा देत नाही, म्हणून बेकारीचे एक थेट कारण जात आहे. आता याकडे उद्योजकतेच्या अंगाने पाहा. ऑस्ट्रियाचे अर्थशास्त्रज्ञ जोसेफ शुम्पीटर यांनी उद्योजकाची व्याख्या केली ती नवी जुळणी करणारा माणूस अशी: नवी वस्तू, नवी पद्धत, नवा बाजार. जातिव्यवस्थेचा पायाच मुळी जुळणी होऊ न देण्यावर आहे. कोणाचे हात कोणत्या वस्तूला लागावेत हे जेथे जन्माने ठरते, तेथे शुम्पीटरचा उद्योजक दाराबाहेरच उभा राहतो.

याच भाषणात आणखी एक मुद्दा आहे आणि तो मला थेट मोझरीला घेऊन येतो. त्या काळचे समाजवादी म्हणत, आर्थिक सत्ता हीच खरी सत्ता, बाकी सगळे तिच्यामागून येते. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की या देशात लक्षाधीश माणूस कफल्लक साधू-फकिरांपुढे का वाकतो? म्हणजे धर्म आणि सामाजिक प्रतिष्ठा याही सत्ताच आहेत. मालमत्ता ही त्यांपैकी एक.

वऱ्हाडाने या सिद्धांताचे दोन जिवंत पुरावे दिले. एक गाडगेबाबा, दुसरे तुकडोजी महाराज. दोघेही अमरावती जिल्ह्यातले. दोघांकडे भांडवल शून्य.

गाडगेबाबा म्हणजे शेंडगावचे डेबूजी, परीट समाजात १८७६ साली जन्मलेले. अक्षरओळख नाही. हातात खराटा, डोक्यावर गाडगे. गावात यायचे, आधी रस्ते झाडायचे आणि संध्याकाळी कीर्तन करायचे. कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. देवापुढे बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, जेवणाचे ताट मोडा पण पोराला शिकवा. लोकांना पोट धरून हसवत ते त्यांच्याच तोंडून त्यांची चूक कबूल करून घेत. मला यात खरे नावीन्य दिसते. कीर्तन हा प्रकार जुना, देवळातला, पुराणकथांचा. बाबांनी तो उचलून सामाजिक शिक्षणाला जोडला. शुम्पीटरची नवी जुळणी हीच की!

त्याहूनही मोठे त्यांचे पैशाचे शास्त्र. देणग्या येत, पण बाबा पैशाला हात लावत नसत. धर्मशाळा, घाट, शाळा, वसतिगृहे बांधली जात आणि ती विश्वस्तांकडे सोपवली जात. स्वतःचे कुटुंब त्यातून बाजूला ठेवले. आज आपल्या संस्थांमध्ये संस्थापकाचा मुलगा सचिव आणि सून मुख्याध्यापिका असते, त्या पार्श्वभूमीवर हे वाचावे. (नावे घेत नाही. प्रत्येकाने आपापल्या तालुक्यातली आठवावीत.) पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. विठोबाच्या पायरीशी यात्रेकरूंसाठी बांधलेली वास्तू शिक्षणसंस्थेच्या हाती गेली. संपत्तीचा वापर बदलणे याला म्हणतात. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले आणि २० डिसेंबरला अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबा गेले.

तुकडोजी महाराजांची वाट थोडी वेगळी. १९०९ साली यावलीत जन्म. खंजिरीवर भजन म्हणणारा हा तरुण १९३५ साली मोझरीत गुरुकुंज आश्रम उभारतो. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात जातो आणि सुटून आल्यावर गुरुदेव सेवा मंडळाची रीतसर बांधणी करतो. गावोगाव शाखा, सकाळी सामुदायिक ध्यान, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, एका सतरंजीवर सगळ्या जातीधर्मांची माणसे. मासिक, छापखाना, आयुर्वेद औषधांचे काम. १९५५ साली ४१ अध्यायांची 'ग्रामगीता' आली. तिच्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, श्रमाला संपत्ती मानणे आहे, गावातच उद्योग उभारण्याचा आग्रह आहे, स्त्रियांच्या उन्नतीचा विचार आहे. एखाद्या खेड्यातल्या शाखेत जाऊन पाहा. चार आण्याचे भांडवल नसताना केवळ शिस्त आणि प्रार्थनेच्या बळावर ती टिकलेली दिसते. आपल्या अनेक संघटना एका निवडणुकीत फुटतात. त्यामुळे या माणसाकडून संघटन शिकायला मला कमीपणा वाटत नाही.

मग वाद कुठे आहे? वाद गावाबद्दल आहे.

'ग्रामगीते'चे दैवत गाव आहे. गाव सुधारले की देश सुधारेल, ही तिची श्रद्धा. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत गावाबद्दल जे म्हटले ते आपल्याला पाठ आहे: संकुचितपणा, अज्ञान आणि जातीयता यांची ती डबकी आहेत, म्हणून संविधानाचा घटक गाव नसून व्यक्ती आहे. ही दोन मते शेजारी ठेवली की काहींना समन्वय करण्याची घाई होते. मला ती होत नाही. प्रार्थनेच्या सतरंजीवर तासभर शेजारी बसलेली माणसे उठून घरी जातात, तेव्हा एक पांढरीत जातो आणि एक गावकुसाकडच्या वस्तीत. जमीन कोणाची, घाणा कोणाचा, गिरणी कोणाची आणि त्यातल्या फायद्याचा वाटा कोणाला, हा प्रश्न प्रार्थनेनंतरही तसाच उरतो. ग्रामोद्योग म्हटले की सुताराचा मुलगा सुतार आणि चांभाराचा मुलगा चांभार राहण्याचा धोका असतोच, मग सांगणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी. महाराजांनी भूदानासाठीही गावे पिंजून काढली. पण दान देणारा वर आणि घेणारा खाली हे नाते भूदान मोडत नाही. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या मसुद्यात जमीन राज्याची करून गावकऱ्यांना जातपात न पाहता सामूहिकपणे कसायला द्यावी, असे सुचवले होते. त्यात कोणाच्या दयेचा प्रश्न नव्हता.

१९५६ साल पाहा. त्या वर्षी भारत साधू समाजाची स्थापना झाली आणि तुकडोजी महाराज तिचे अध्यक्ष झाले. साधूंच्या प्रतिष्ठेला राष्ट्राच्या कामाला लावावे, हा हेतू. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला. दोघांनाही धर्माची सत्ता कळली होती. एकाने ती आतून वापरून पाहिली. दुसऱ्याने तिचा आधारच बदलला. वऱ्हाडातल्या आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे टाकले, दवंडी टाकली, सणाला मागून आणणे टाकले. हा निर्णय आर्थिकदृष्ट्या वेडेपणाचा वाटावा असा होता. असलेले उत्पन्न सोडून दिले, बदल्यात हातात काहीच नव्हते. पण पुढच्या पिढीत शिक्षक, कारकून, इंजिनिअर आणि दुकानदार निघाले ते या नकारातून. माझ्या मते वऱ्हाडाच्या इतिहासातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय हा आहे, आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात सापडणार नाही.

याची तयारी आधीपासून चालू होती. महाडचे चवदार तळे मार्च १९२७ मध्ये, मनुस्मृतीचे दहन डिसेंबरात, आणि या दोहोंच्या मध्ये १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीत इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाडातल्या अस्पृश्यांच्या परिषदेचे अध्यक्ष होते. विषय होता अंबादेवी मंदिराचा प्रवेश. डॉ. पंजाबराव देशमुख पाठीशी उभे होते. परिषद चालू असताना मोठे बंधू बाळाराम यांच्या निधनाची तार आली, तरी काम थांबले नाही. उपाशी माणसाला देऊळ कशाला हवे, असा सवाल तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारतात. अमरावतीकरांनी जरा अंबादेवीच्या परिसरात फिरून यावे. देवळाभोवती काय आहे? नारळ, फुले, बांगड्या, कापड, भांडी. देवळाभोवती बाजार असतो. ज्याला त्या रस्त्याने ताठ मानेने जाता येत नाही, त्याला तेथे दुकान कोण थाटू देणार?

आता यावर आक्षेप येईल की हे सगळे जुने झाले. आज कायदा आहे, कर्ज आहे, योजना आहेत. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्याच्या कल्पना सरोज यांचेच उदाहरण घ्या, बालविवाहातून सुटून शिवणकाम करणारी मुलगी बंद पडलेल्या कमानी ट्यूब्सची अध्यक्ष झाली आणि २०१३ साली पद्मश्री मिळाली. मी हे उदाहरण आनंदाने घेतो. पण पूर्ण घेतो. त्यांच्या धंद्याची सुरुवात सरकारी कर्जयोजनेने झाली, आणि मागासवर्गीयांसाठी कर्जयोजना ही चळवळीची कमाई आहे. कमानी ट्यूब्स त्यांच्यापर्यंत आली ती तिच्या कामगारांमुळे. त्या कामगारांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन कारखाना चालवायला घेतला होता. बाईंचे धाडस अस्सल आहेच. त्याच्या खाली कायदा, संघटना आणि राज्य अशा तीन फरश्या आहेत, त्या शिबिरात झाकून ठेवतात.

२००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची डिक्की ही संघटना स्थापन झाली. नोकरी मागणारे न राहता देणारे व्हा, ही तिची घोषणा. २०१२ च्या सरकारी खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून ४ टक्के खरेदी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली, १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज. यातले काहीही मी नाकारत नाही. मात्र ते ४ टक्के वर्षानुवर्षे गाठले जात नाहीत, तेव्हा आवाज कोणी उठवायचा? एकटा उद्योजक उठवू शकत नाही, कारण त्याचे बिल त्याच कार्यालयात अडकलेले असते. तेथे संघटनाच लागते.

आणि संपत्तीने आपोआप संरक्षण मिळते या भ्रमात तर कोणी राहूच नये. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी कृष्णवर्णीयांना सांगितले होते की हक्कांसाठी भांडण्याआधी धंदा उभारा, मान आपोआप मिळेल. १९०० साली त्यांनी त्यासाठी व्यापाऱ्यांची संघटनाही काढली. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात ग्रीनवूड नावाची कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती उभी राहिली, हॉटेले, नाट्यगृहे. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ती जाळली. हजाराहून अधिक घरे राख झाली. आपल्या विदर्भात टल्सा शोधायला लांब जावे लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ रोजी ज्या कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, ते भीक मागणारे कुटुंब नव्हते. स्वतःची जमीन कसणारे, मुलांना शिकवणारे, पक्के घर बांधू पाहणारे कुटुंब होते.

माझ्या काकांनी ऐंशीच्या दशकात गावात पिठाची चक्की टाकली होती. गावाचे नाव सांगत नाही. चक्की नवी, दर चार पैशांनी कमी. लोक दळण घेऊन यायचे, पण कधी? दुसरी चक्की बिघडली की. ती दुरुस्त झाली की आमची चक्की पुन्हा मुकी. काकांनी तीन वर्षांनी मोटार विकली आणि बडनेऱ्याला हमाली धरली. ते शेवटपर्यंत म्हणायचे की आपली जागा चुकली, चौकात टाकायला हवी होती. स्वतःलाच दोष देत गेले. शिबिरातल्या गुरुजींचे शिक्षण त्यांना न शिकताच मिळाले होते.

उलट, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या. पुस्तके, कॅलेंडर, मूर्ती, गाण्यांच्या सीडी आणि आता पेनड्राइव्ह. फुटपाथवर सतरंजी टाकून बसलेला आपलाच प्रकाशक दोन-तीन दिवसांत वर्षाची कमाई करतो. हे विक्रेते कोणत्या इनक्युबेशन सेंटरमधून आले? एका समाजाने वाचायचे ठरवले, म्हणून हा बाजार जन्मला. बनसोड्यांची बंद पडलेली पत्रे वाया गेली नाहीत.

आज नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचे, अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे. विद्यापीठांनी नवोपक्रमासाठी मंडळ नेमावे असे २०१६ च्या कायद्यातच लिहिले आहे. त्या मंडळांवर आपली किती पोरे आहेत, बियाणे भांडवल कोणाच्या प्रकल्पांना मिळते, याची यादी मागायला कोणी गेले आहे का? जिल्ह्यातल्या विद्यार्थी संघटनांनी ती मागावी. नुसत्या जयंत्या साजऱ्या करून भागणार नाही.

त्या घाण्यावाल्या पोराला टपरीवर आम्ही त्या दिवशी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. एक जण म्हणाला, आडनाव नको, मुलांच्या नावाने टाक, आधी धंदा जमू दे. दुसरा भडकला. मी म्हणालो, आडनाव टाक, पण एकटा टाकू नको. आधी तालुक्यातल्या आपल्या घरांची यादी कर, दर महिन्याला तेल घेणारी शंभर घरे लिहून घे. विहारातल्या महिला मंडळाला सोबत घे. बाकीचे गिऱ्हाईक तेल चांगले असेल तर येईल, नाही आले तर घाणा बंद पडणार नाही एवढी सोय आधी हवी.

परवा त्याचा फोन आला. एकाहत्तर घरे झाली आहेत. गाळा मात्र मिळेना. दोन मालकांनी आधी हो म्हटले, मग पूर्ण नाव विचारले, मग पाहुण्याला दिला म्हणाले. ग्रामपंचायतीच्या मालकीचे काही गाळे आहेत, त्यांचे वाटप कसे झाले हे गावात कोणालाच माहीत नाही. येत्या सोमवारी आम्ही पाच जण माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन तेथे जात आहोत. तिवसा-मोझरी भागातल्या ज्या कार्यकर्त्यांना सोबत यायचे आहे त्यांनी सकाळी दहाला बसस्टँडवर यावे.